समुद्रकाठचा फेरफटका

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती मागितली असती तर चार ओळी खरडल्या असत्या. परंतु मागल्या माघात आपण चौदाजणी मुंबईला समुद्रावर फिरायला गेलो होतो व त्यावरून मंडळात थोडा वादही झाला होता, तो सर्व भगिनींच्या लक्षात असेलच. त्या वादाचे उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले होते. ते या निमित्ताने द्यावे असे मनात आले. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून मुलाने पुस्तके आणून दिली, ती दुपारच्या वेळी वाचली आणि जे समजले ते येथे मांडीत आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

वाद असा होता. आपली सहल दरवर्षी देवदर्शनाला जाते. कधी टिटवाळ्याचा गणपती, कधी वज्रेश्वरी. या वर्षी कोणीतरी सुचवले की, गिरगाव चौपाटीवर उतरावे आणि मरीन ड्राइव्हने निवांत चालत जावे. लगेच एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "देवाला जायचे तर घरी सांगता तरी येते. समुद्रावर आपले काम काय?" दुसऱ्या एका भगिनीने वर्गणी भरली होती, ती तिने दोन दिवसांनी परत नेली. तिच्या घरी हाच प्रश्न निघाला होता, काम काय? तिला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर मलाही देता आले नसते.

असो. आम्ही चौदाजणी निघालो. त्यात माझ्या सासूबाईही होत्या. त्यांचे वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात, तरी त्यांनी आपण होऊन नाव दिले होते. त्यांचे माहेर गिरगावातले. लग्न होऊन वर्तकनगरात बोर्डाच्या कॉलनीत आल्या त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. वर्तकनगरहून रिक्षाने ठाणे स्टेशन, तेथून जलद गाडीने दादर, मग पुलावरून पलीकडे जाऊन चर्चगेटची गाडी आणि चर्नी रोडला उतरणे, असा आमचा प्रवास झाला.

चर्नी रोड या नावाची मौज ठाणेकरांनी ऐकण्यासारखी आहे. एक मत असे की, येथे गुरे चरायला येत म्हणून हे नाव पडले. इंग्रज सरकारने गुरांच्या चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकाठची गवताची जमीन विकत घेतली आणि गरिबांच्या गुरांना ती मोकळी करून दिली, असे सांगतात. दुसरे मत एडवर्ड्स नावाच्या इंग्रज इतिहासकाराने नोंदले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गिरगावातील पुष्कळ लोक मूळचे ठाण्याच्या चेंदणीचे. ते मुंबईत येऊन राहिले व चेंदणीवरून चर्नी झाले. चेंदणी म्हणजे आपल्या स्टेशनाजवळचाच कोळीवाडा. कोणते मत खरे ते विद्वानांनी ठरवावे. पण गाडीत मी हे सांगितले तेव्हा सगळ्याजणी खूष झाल्या. आपण परक्या ठिकाणी नव्हे, आपल्याच माणसांच्या वस्तीत चाललो आहोत असे वाटले.

स्टेशनाबाहेर पुलावरून रस्ता ओलांडला की समोर समुद्र. उजव्या हाताला चौपाटी. समुद्राच्या पाण्याचे येथे चार पाट होते, त्यावरून चौपाटी हा शब्द आला असे म्हणतात. चौपाटी म्हटले की आपल्याला भेळ आठवते आणि अनंत चतुर्दशीचे गणपती आठवतात. पण या वाळूत त्याहून मोठ्या गोष्टी घडलेल्या आहेत.

१९२० सालच्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला भर पावसात लोटलेली गर्दी मुंबईने पूर्वी पाहिली नव्हती. चौपाटी ही काही स्मशानभूमी नव्हे. तरी त्या लोकसमुद्राला दुसरी जागा पुरण्यासारखी नव्हती म्हणून खास परवानगीने लोकमान्यांना येथेच अग्नी देण्यात आला. त्या जागी १९३३ साली त्यांचा पुतळा उभारला. आम्ही सर्वांनी तेथे हात जोडले. देवदर्शन झाले नाही म्हणणाऱ्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे.

त्यानंतर दहा वर्षांनी याच वाळूत जे घडले ते आपण स्त्रियांनी विशेष लक्षात ठेवावे. १९३० सालच्या मार्चमध्ये गांधीजी मिठाचा कायदा मोडण्यासाठी साबरमतीहून दांडीला पायी निघाले. त्यांच्याबरोबर आश्रमातील जे ७८ जण निघाले ते सगळे पुरुष होते. स्त्रियांना त्यांनी त्या यात्रेत घेतले नव्हते. हे अनेक स्त्रियांना रुचले नाही. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी तर गांधीजींना भेटून, स्त्रियांनाही सत्याग्रहात भाग घेऊ द्या असा आग्रह धरला. पुढे एप्रिलमध्ये मुंबईत मिठाचा कायदा मोडायला जी पहिली तुकडी निघाली, तीत दोन स्त्रिया होत्या. एक कमलादेवी आणि दुसऱ्या आपल्या अवंतिकाबाई गोखले. चौपाटीच्या वाळूवर चूल मांडून, समुद्राचे पाणी आटवून त्यांनी मीठ केले.

अवंतिकाबाईंचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून थोडे अधिक लिहिते. त्यांचा जन्म १८८२ चा. १९१७ साली चंपारणच्या शेतकऱ्यांसाठी गांधीजींनी हाक दिली तेव्हा त्या बिहारमध्ये जाऊन राहिल्या आणि खेड्यांतील बायकामुलांत त्यांनी काम केले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गांधीजींचे चरित्र मराठीत लिहिले, त्याला लोकमान्यांची प्रस्तावना आहे. त्याच १९१८ साली त्यांनी गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला. मुंबई महापालिकेत प्रथम ज्या काही स्त्रिया सभासद म्हणून गेल्या त्यांत त्याही होत्या. आपली मंडळे आज जी चालतात, हळदीकुंकू, शिवणाचे वर्ग, भिशी, व्याख्याने, त्यांची पाऊलवाट अशा बायकांनी पाडलेली आहे. त्यांनी चौपाटीवर चूल पेटवली तेव्हा त्यांनाही कोणी विचारले असेलच, की बायकांचे इथे काम काय? मीठ आणि चूल यांपेक्षा बायकांचे अधिक काम ते कोणते असणार!

चौपाटीवरून मागे फिरून आम्ही दक्षिणेकडे चालू लागलो. येथून मरीन ड्राइव्ह सुरू होतो. सरकारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. नरिमन पॉइंटपर्यंत लांबी साडेतीन किलोमीटरांहून थोडी अधिक. एका बाजूस रस्ता, दुसऱ्या बाजूस रुंद कट्टा आणि त्याखाली लाटा अडवायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. कट्ट्यावर किती परींची माणसे! शाळा सुटलेली पोरे, हातात हात घातलेली जोडपी, टोपी घातलेले पारशी आजोबा, बुरख्यातल्या बाया व त्यांची लेकरे, चणेवाला, चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा. कोणाला कोणाची घाई नाही. आम्ही चौदाजणी ओळीने चालत होतो त्या हळूहळू दोघी-दोघी झालो आणि मग गप्पा सुरू झाल्या.

आपण ज्यावर चालतो ती जमीन नव्हेच, तो मूळचा समुद्र, हे मला पुस्तक वाचीपर्यंत ठाऊक नव्हते. पूर्वी समुद्र थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत होता. मरीन लाइन्स हे नाव तेथे असलेल्या मरीन पलटणीच्या लष्करी वस्तीवरून पडले. त्या काळच्या गाडीतील उतारूंना डब्यातूनच लाटा दिसत.

या समुद्रात भर घालण्याचा पहिला मोठा उद्योग १८६० नंतर झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅकबेचा समुद्र बुजवण्यासाठी कंपनी निघाली आणि तिच्या शेअरवर लोकांनी अक्षरशः उड्या टाकल्या. मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव चढले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस उतरला, १ जुलैला हिशेब चुकते करण्याचा दिवस आला आणि सगळा डोलारा कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या व्यवहारातील मोठे नाव. त्यांनीच दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा आहे. त्या वेळी समुद्रातून जी चिंचोळी पट्टी मिळाली ती रेल्वेच्या कामी आली.

पुढे ५० वर्षांनी पुन्हा तोच विचार निघाला. चौपाटीकडील भागाला केनेडी सी फेस म्हणत. तेथील काम १९१५ सालच्या डिसेंबरमध्ये सुरू झाल्याची दगडी पाटी अजून आहे. हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना वगैरे खेळाची मैदाने त्याच्याही आधीची आहेत. त्या वेळी समुद्र त्यांच्या उंबऱ्याशी होता म्हटले तरी चालेल. मग १९२० साली गव्हर्नर लॉइड साहेबांनी एक नवे खाते काढले, त्याचे नाव बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या नावाची आद्याक्षरे आपण रोज ऐकतो. बी.डी.डी. चाळी त्याच खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी. कामगारांसाठी एका कुटुंबाला एक खोली आणि मजल्यावर सामाईक नळ. त्याच खात्याने एकीकडे गरिबांना एक एक खोली दिली आणि दुसरीकडे श्रीमंतांसाठी समुद्रात जमीन करायला घेतली. माझ्या माहेरच्या एका चुलत्याचे आयुष्य नायगावच्या चाळीत गेले, म्हणून ही गोष्ट वाचताना मी थांबले.

बेत मोठा होता. १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायची. बंदरातील चिखल यंत्राने उपसायचा आणि नळांतून बॅकबेत आणून टाकायचा. परंतु हिशेब चुकले. खर्च वाढतच गेला, काम मागे पडत गेले आणि शेवटी ४४० एकरांच्या आसपास जमीन करून थांबावे लागले. पैसा लोकांचा. मग तो गेला कुठे?

हा प्रश्न विचारणारा एक माणूस निघाला. खुर्शेद फ्रामजी नरिमन. पारशी वकील, मुंबईच्या कौन्सिलचे सभासद आणि पुढे मुंबईचे महापौर. त्यांनी या कामातील भ्रष्टाचार उजेडात आणला. हार्वे नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीची फिर्याद केली. १९२६ ते १९२८ हा खटला गाजला आणि नरिमन निर्दोष सुटले. साहेबाचे राज्य असताना साहेबाच्या अंमलदाराविरुद्ध एका देशी माणसाने असे उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. नवल असे की, ज्या योजनेवर त्यांनी कोरडे ओढले तिच्याच शेवटच्या टोकाला, पुढे स्वातंत्र्यानंतर भर घालून झालेल्या जागेला, त्यांचे नाव आहे. नरिमन पॉइंट, नरिमन पॉइंट म्हणून आपण बसची पाटी वाचतो. पण त्या नावामागे एक खरे बोलणारा माणूस आहे हे मला चाळीशीनंतर कळले.

समुद्राची भिंत झाली, रस्ता झाला आणि १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत रस्त्याच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या. सगळ्यांची उंची जवळजवळ सारखी, कोपरे गोलसर, गॅलऱ्या लांबलचक. त्या काळी सिमेंट काँक्रीटचे बांधकाम नवेच होते. या पद्धतीला आर्ट डेको म्हणतात. ओव्हल मैदानाभोवतीच्या व मरीन ड्राइव्हवरच्या अशा इमारती आणि फोर्टातील जुन्या दगडी इमारती मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. वाटेत तारापोरवाला मत्स्यालयाची जागा लागते. ते १९५१ साली सुरू झाले. सासूबाईंना शाळेतून तेथे नेले होते. कासव केवढे होते ते त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

अर्धे अंतर चालून झाल्यावर त्यांचा गुडघा बोलू लागला, म्हणून आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो. बाकीच्या पुढे गेल्या. सूर्य खाली उतरला होता. पाणी तांबूस झाले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग मी विचारले, "आई, तुमचे माहेर तर इथून पाच मिनिटांवर. तुम्ही रोज येत असाल?"

त्या म्हणाल्या, "रोज? अगं, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायला यायचो. गणपती पोचवायला यायचो. वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन भाऊ आला, त्याच्याबरोबर आले. काही द्यायचे असले की समुद्रावर यायचे. भाऊ रोज संध्याकाळी मित्रांबरोबर येऊन बसायचे. मी एकदा आईला म्हटले, मी पण जाते. आई म्हणाली, तुझे तिथे काम काय?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आज काही द्यायला आणले नाही बघ."

एवढेच बोलल्या. मी त्यांच्या घरात २३ वर्षे नांदते आहे. पहाटे उठून डबे करताना, पाणी भरताना, नवऱ्याच्या व मुलांच्या दुखण्यात जागताना त्यांना पाहिले आहे. पण नुसते बसलेले पाहिले ते त्या दिवशी. हातात निवडायला भाजी नाही, मांडीवर नातवंड नाही, तोंडाने जपही नाही. मला प्रथम कसेसेच झाले. मग मीही हातातली पिशवी खाली ठेवली आणि बसले.

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले. चौपाटीपासून टोकापर्यंत वळणावर दिव्यांची माळ चमकते, तिला राणीचा हार म्हणतात. मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कमधून तो हार पुरा दिसतो. २०१५ साली जुने पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा मुंबईकरांनी, आमचा हार फिका झाला म्हणून तक्रारी केल्या आणि पिवळसर उजेड पुन्हा आणावा लागला. नुसत्या शोभेसाठी लोक भांडले आणि त्यांचे ऐकले गेले, हे मला फार आवडले. सासूबाई म्हणाल्या, "राणीचा कसला, हा तर सगळ्यांचा हार. तिकीट कुठे लागते?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्या जमिनीसाठी पेढ्या बुडाल्या, ज्या जमिनीत लोकांचा पैसा मुरला, जी श्रीमंतांच्या घरांसाठी म्हणून करायला घेतली, तिच्या कडेचा हा कट्टा मात्र सर्वांच्या वाट्याला आला. समोरच्या इमारतीत एक खोली घेण्याइतका पैसा आपल्या सगळ्यांची सात जन्मांची भिशी घालूनही जमणार नाही. पण त्या इमारतीतील बाईला जो सूर्यास्त दिसतो तोच वर्तकनगरच्या बाईला कट्ट्यावरून दिसतो. आता २०२४ पासून याच रस्त्याच्या चौपाटीकडील अंगाने समुद्रकाठच्या नव्या रस्त्याचा बोगदा निघाला आहे; त्यातून मोटारी भरधाव जातात. मोटारीत बसून कोठे पोचता येते. पण समुद्र पाहायचा तर चालले किंवा बसलेच पाहिजे.

आम्हाला घरी यायला नऊ वाजले. माझ्याकडे भात उरकायचा होता, आमटी सकाळचीच गरम केली. कोणी काही बोलले नाही. कोणाचे काही अडलेही नव्हते.

तर भगिनींनो, समुद्रावर आपले काम काय, या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. अवंतिकाबाई आणि कमलादेवी त्या वाळूत गेल्या तेव्हा त्यांना काम होते आणि ते फार मोठे होते. त्यांनी आपल्यासाठी वाट मोकळी केली. त्या वाटेने आपण दरवेळी काम घेऊनच गेले पाहिजे असे नाही. घरचे पुरुष संध्याकाळी नाक्यावर उभे राहतात, कट्ट्यावर बसतात, तेव्हा त्यांना काम काय असे कोणी विचारीत नाही. दिवसभर राबलेल्या बाईने तासभर वाऱ्यावर बसावे, हेच तिचे काम. याला आळस म्हणू नये. मी हे कोणाशी भांडण काढावे म्हणून लिहीत नाही. वडीलधाऱ्या बाईंचा मान राखूनच लिहिते. त्यांनीही तो प्रश्न त्यांच्या आईकडूनच ऐकला असेल.

मुंबईचा समुद्र रोज जमणारा नाही हे खरे. पण आपल्याजवळ उपवनचे तळे आहे, ठाण्यात मासुंदा तळ्याची तलावपाळी आहे. वर्तकनगरहून उपवन तर पायी जाण्यासारखे आहे. माझी सूचना अशी की, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या ज्या भगिनींना जमेल त्यांनी मिळून तेथे फेरी मारावी. वर्गणी नको, डबा नको. ज्या भगिनीने वर्गणी परत नेली होती तिला बोलवायला मी स्वतः तिच्या घरी जाईन. घरचे विचारतील, तेव्हा हा लेख त्यांच्यापुढे ठेवीन. सासूबाईही बरोबर येणार आहेत. गुडघ्यासाठी एक लहानशी उशी त्यांनी शिवून ठेवली आहे.